काकूच्या पोटावरचा दुर्मीळ आजार

हसणार नसाल तर सांगतो. मी कातडीचा डॉक्टर, आणि माझी फजिती झाली ती कातडीवरूनच! चहा घ्या आधी.

खासगी बाजार मोहल्ल्यात राहणाऱ्या आमच्या काकूचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर मी बघायला गेलो. जखम काय सुरेख भरलेली! मी मोठ्यानं म्हटलं, "वा काकू! या वयात इतकी छान भरलेली जखम मी आजवर बघितली नाही!"

पुढच्याच आठवड्यात काकूच्या सुनेचा, मीनल वहिनीचा फोन. काकूच्या पोटावर पुरळ, फोड, नुसती आग आग!

धावत गेलो. टाक्यांच्या बाजूनं फोडांचा लालभडक पट्टा! सर्जनला फोन केला.

"अरे भाई, मेरे यहाँ से तो एकदम साफ गई थीं!"

काकूला विचारलं, "हळद, तेल, मलम, काही लावलंस का?"

"काहीच नाही रे बेटा, तुझी कसम!"

झालं! ऑपरेशननंतर जखमेभोवतीची कातडी पेटते, असा एक आजार असतो. आम्हा डॉक्टरांना जन्मात एखादा दिसतो. मला तो काकूच्या पोटावर दिसला! मी भराभर फोटो काढले. परिषदेतलं भाषण, टाळ्या, शाल, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

"काकू, उद्या कातडीचा तुकडा काढून तपासू. आणि रविवारी मुंजीला जायचं नाही."

एकुलत्या नातवाची मुंज हो, दर्पण कॉलनीत! काकूच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही फार वाईट वाटलं. पण विज्ञान म्हणजे विज्ञान!

डोळे पुसायला काकू रुमाल शोधू लागली. उशी सरकली, आणि खाली काय? काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा! दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ना, तोच. टोचला की चीक गळतो आणि कातडी भाजून निघते.

"काकू! हा कमरेला होता?"

"होता ना. तू आलास की काढून ठेवते. तू रागावतोस!"

"अगं, मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

"तू हळद, तेल, मलम विचारलंस. बिब्ब्याचं कुठे विचारलंस?"

"पण बांधलाच कशाला?"

काकू वहिनीकडे बघायला लागली. वहिनी पदराआड हसत म्हणाली, "भावजी, तुम्हीच नाही का म्हणालात, अशी जखम आजवर बघितली नाही? फिर नज़र तो लगनी ही थी!"

दुर्मीळ आजाराचं कारण मीच!

काकू मुंजीला थाटात मिरवली. मलाही पहिल्या पंगतीत बसवलं. मुंजा माझ्या पाया पडायला आला, तो मात्र गालावर काजळाची भली मोठी तीट लावून!