गॅलरीतल्या कुंड्या आणि कच्चा रंग

गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता, ऑफिसमध्ये एसीखाली बसून मला घाम फुटला.

मी सोलापुरात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहते. अंगण नाही, गच्चीला मालकांचं कुलूप. आहे ती फक्त चार फूट रुंद गॅलरी... तिथे वर्षभरात एकोणीस कुंड्या झाल्या. म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, फळांचे क्रेट. टोमॅटो, मिरची, पालक.

मी सिव्हिल इंजिनिअर. ओल्या मातीचं वजन काढूनच कुंड्या मांडल्या होत्या, स्लॅबला धोका नव्हता. पाण्याचा विचार मात्र केला नव्हता...

आमच्याकडे नळ दर पाचव्या दिवशी येतो. त्या दिवशी ड्रममधलं उरलेलं पाणी शिळं ठरतं आणि ड्रम रिकामा करावा लागतो. ओतून द्यायला जीव होत नाही, म्हणून मी ते सगळं एकदम कुंड्यांना घालायचे.

गॅलरीच्या बरोबर खाली मालकीणकाकूंची शिलाईची खोली. त्या घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. कारखान्यातून आलेल्या टॉवेलच्या कडा शिवून देतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या छताला ओल आली.

"तुझ्या झाडांचं पाणी हाय की काय, बघ की गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी न तपासता सांगून टाकलं, बाथरूमचा पाइप असेल. आधीच्या भाडेकरूला त्यांनी पाण्यावरूनच जागा सोडायला लावली होती, हे मला माहीत होतं.

खोटं बोलले की खरं, ते मलाच माहीत नव्हतं. झोप लागेना. शेवटी बुधवारी संध्याकाळी टेस्ट घेतली. कुंड्या सरकवून गॅलरीच्या फरशीवर खाण्याच्या लाल रंगाचं पाणी सोडलं, बाथरूममध्ये निळ्या रंगाचं. डाग लाल झाला तर मी, निळा झाला तर पाइप. काकूंना काही सांगितलं नाही.

आणि गुरुवारी अकरा वाजता आठवलं... त्या डागाखाली टेबल आहे. टेबलावर शिवून झालेले टॉवेल असतात. पांढरे.

तीनदा फोन केला, उचलला नाही. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू येत नाही. हाफ डे टाकला आणि स्कूटी काढली. वाटेत एकच गोष्ट डोक्यात... ही ऑर्डर परत आली तर काम काकूंचं जाणार, माझं नाही.

दार उघडंच होतं. छतावर गुलाबी डाग, निळ्याचा ठिपकासुद्धा नाही. आणि काकूंच्या हातात टॉवेल, त्यावर लाल थेंब. असे तीन टॉवेल.

मी एका दमात सगळं सांगितलं. पाणी माझं, रंग माझा, पाइपचं मी उगाच ठोकून दिलं होतं. कुंड्या आजच काढते, जागासुद्धा...

काकूंनी टॉवेलचं टोक पाण्यात बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि उजेडात धरलं.

"कच्चा हाय रंग. धुतला की जातो. जन्म गेला सुतात, मला कळत न्हाय व्हय?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंजिनेर पक्की, रंग कच्चा! आधी सांगायला काय झालं तुला? टॉवेल हलवले असते की."

मी कुंड्या काढायला वर जायला वळले.

"आणि झाडं काढून कुटं नेणार? ठेव जिन्यात. पण ते शिळं पाणी माझ्या डोक्यावर नको बाई."

रविवारी मी गॅलरी धुऊन वॉटरप्रूफिंगचा पहिला हात मारला. कुंड्या सध्या जिन्यात आहेत, एका पायरीवर एक, भिंतीच्या बाजूने. आता ड्रमला झाकण आहे, आणि रोज प्रत्येकीला मोजून एक मग पाणी. अंगण नसलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा... आपल्या कुंडीतून झिरपलेलं पाणी जमिनीत जात नाही, कुणाच्या तरी घरात जातं.

काकू फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहायला सोपं जातंय. त्या दिवशी काकूंनी जिना दिला तेव्हा मनात बरंच काही होतं... तोंडातून एवढंच निघालं, "टॉवेल मी धुते."