साइडिंगवरची गाडी

मालगाडी हलली तेव्हा माझा नवरा आणि धाकटा दीर दोघेही तिच्याखाली होते. मी अलीकडे खडीवर उभी. लांबून धक्का आला, डब्यामागून डबा खडखडला आणि माझ्यासमोरचं चाक फिरलं.

झाशीच्या रेल्वे कॉलनीतून गावात जायला पूल आहे. पण आम्ही जुनी माणसं यार्डातूनच जातो, उभ्या गाडीखालून. हे जन्मभर काटेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचे. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला आधी लाइनी शिकवल्या, मग शेजार दाखवला. मेन लाइनवरून गाड्या धडाधड जातात. लूप तिच्या बाजूची, दोन्ही टोकांनी मेनला जोडलेली. दुसऱ्या गाडीला वाट द्यायला मालगाडी तिथे थांबते आणि केव्हाही सुटते. तिच्याखाली वाकायचं नाही. साइडिंगचं एक टोक बंद. तिथे रिकामे डबे पडून असतात. त्यांच्याखालून खुशाल जायचं.

त्या दुपारी आम्ही तिघं गावात, खंडेराव गेटजवळ नातलगांकडे जेवायला निघालो होतो. साइडिंगचे रूळ कायम गंजलेले असत. आज चकचकीत दिसले.

"अहो, रूळ घासलेत. इथून गाड्या जातायत."

"घ्या! चौथी पास बाई मला लाइनी शिकवणार."

दीर कारखान्यात कारकून. त्यांनी विचारलं, "दादा, सुटणार नाही ना?"

"अरे, साइडिंग आहे. इथे डबे सडतात."

"वहिनी, तुम्ही या पुलावरून," भावजी हसले. "तोवर आम्ही श्रीखंड संपवतो."

दोघे वाकून आत शिरले.

हे निवृत्त झाल्यावर नवी लाइन पडली होती. तेव्हा साइडिंगचं बंद टोक पुढे जोडून तिची लूप केली. इंजिन वळणापलीकडे लागलेलं, इथून दिसत नव्हतं.

हे रुळांच्या मध्ये पालथे पडले. ओरडले, "आडवा हो! हलू नको!" भावजींना ते सुचलं नाही. ते बाहेर यायला धडपडले.

गाडी लांब होती. शेवटचा डबा जाईपर्यंत मला पलीकडचं काही दिसलं नाही.

हे वाचले. भावजी गेले.