नागोजींचं थंड इंजिन

निवृत्त होऊन नागोजी जे. पी. नगरला मुलाकडे राहायला आले, पण घरात त्यांचा पाय ठरेना. पेपर उघडायचे, मिटायचे, गच्चीवर जायचे, परत खाली. पत्नी जमनाबाई म्हणायच्या, यांना बसायची सवयच नाही. खरंच नव्हती. यशवंतपूरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच छोटं वाफेचं इंजिन चालवलं होतं. यार्डातून कोळशाच्या, बिडाच्या वाघिणी आत आणायच्या, रिकाम्या बाहेर न्यायच्या. १९९३ साली डिझेल इंजिन आलं आणि वाफेचं शेडमध्ये गेलं. पुढच्या वर्षी नागोजी घरी बसले.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये जुना सहकारी पुरुषोत्तम बातमी घेऊन आला. इंजिन गेटापाशी चौथऱ्यावर कायमचं ठेवणार होते. नागोजींना बरं वाटलं, पण पुढचं ऐकून चहा तसाच राहिला. ठेकेदार ते ओढून नेणार होता, आणि गंजलेली चाकं फिरावीत म्हणून त्यांना जोडणारे दांडे गॅसने कापणार होता.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ते कारखान्यात हजर झाले. काम शाल्मलीकडे होतं. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेली तरुण इंजिनियर. नागोजींनी तिला सांगितलं, दांडे कापले तर नुसती टाकी उरेल. तीनशे फुटांचा तर प्रश्न, मी पेटवून नेतो. तिने बॉयलरचे कागद पुढे ठेवले. परवाना संपलेला, नळ्या गळक्या. त्या गळतीची तक्रार शेवटच्या वर्षी नागोजींनीच लिहून दिली होती.

तरी आठ दिवस ते रोज जात राहिले. इंजिनाभोवती फिरायचे, बोल्ट चाचपायचे, आणि कुणी विचारलं तर चिडायचे. नवव्या दिवशी शाल्मलीने विचारलं, वाफेऐवजी दाबाची हवा सोडली तर? मागे एक वाघीण जोडून तिच्यावर कॉम्प्रेसर ठेवू, नळी थेट सिलिंडरला जोडू. नागोजींना ते मुळीच रुचलं नाही. विस्तवाशिवाय इंजिन हलवायचं म्हणजे काय! पण दुसरा मार्ग नव्हता.

"सरी, अक्का," ते शेवटी कानडीत कबूल झाले. "पण हँडलवर मीच."

दोन आठवडे त्यांनी गंज घासला, तेल पाजलं. ठरल्या दिवशी हवा सोडली, आणि काहीच झालं नाही. सांध्यांतून नुसता फुसफुसाट. ठेकेदार घड्याळ बघू लागला. मग नागोजींनी हँडल उलटं टाकून इंजिन वीतभर मागे सरकवलं, पुन्हा पुढे टाकलं. चाकं करकरली आणि फिरली. धूर नाही, धग नाही. अर्ध्या वाटेत ते सवयीने कोळशाच्या फावड्यासाठी वाकले आणि तसेच सरळ झाले.

चौथऱ्यावर पोचल्यावर शाल्मली म्हणाली, "अण्णा, उतरा आता."

"स्वल्प थांबा. ब्रेक बघू दे."

ते बराच वेळ उतरले नाहीत.

पावसाळा तोंडावर येताच त्यांना धुराड्याची काळजी लागली. पाणी आत जाऊन पत्रा सडेल म्हणून त्यांनी झाकण करवून घेतलं. नव्या पहारेकऱ्याने एकदा अडवलं, तेव्हा शाल्मलीने त्यांना लेखी पास मिळवून दिला. पुढची चार वर्षं दर शनिवारी ते तेलाचा डबा घेऊन जात. घरी आले की जमनाबाई विचारत, झालं का मनासारखं? ते म्हणत, डाव्या दांड्याला अजून थोडं हवं होतं.