मधमाशीची उपमा

काल शेजारच्या नलूवहिनींना भेटायला गेले. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या, नुकत्याच दवाखान्यातून घरी आल्या होत्या. त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीत तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या आणि एक मधमाशी या मंजिरीवरून त्या मंजिरीवर जात होती. घटकाभरही टेकत नव्हती.

तेवढ्यात वहिनींचे धाकटे दीर आले. मधमाशीकडे बघून कौतुकाने म्हणाले, "आमची वहिनी अगदी अशीच! एका जागी बसलेली मी तिला कधी पाहिलीच नाही."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"मला बसायचं होतं हो, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या.

मला ती उपमा टोचत राहिली. शाळेतल्या निबंधापासून निरोपाच्या भाषणापर्यंत आपण ती किती सहज वापरतो! मधमाशी दमते का, हे कुठल्या वक्त्याने सांगितल्याचं मला आठवत नाही. एकदा कौतुक केलं की विचारपूस करायची गरजच उरत नसेल का?

भाऊजी ओशाळले. "वहिनी, आता फक्त विश्रांती घ्यायची."

"हो, हो," म्हणत वहिनींनी पाय खाली सोडले आणि पलंगाची कड धरून त्या उठू लागल्या. लेकीने धावत येऊन त्यांचा दंड धरला.

"आई, कुठे निघालीस?"

"अगं, भाऊजी आलेत. चहा नको का टाकायला?"