शहनाजआपानं पाहिलेला समुद्र

फोन आला तेव्हा मी फिरायला जायचे बूट चढवत होते. पलीकडून शहनाजआपाची मुलगी एवढंच म्हणाली, "मावशी, आज अम्मीची वाट बघू नका... अम्मी गेली." तरी मी हिमायतबागेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. का, ते विचारू नका. एकेक करत सगळ्या जणी जमल्या, पण त्या सकाळी कुणीच चाललं नाही.

आमच्या गटात आपा कायम सगळ्यांच्या मागं. चालायची कमी, बघायची जास्त. "आपा, पाय चालव, डोळे नको," म्हणून आम्ही तिला चिडवायचो. पण तिला बघणं भागच होतं. तिचा नवरा, रऊफभाई, हिमरूच्या जरीच्या शाली विणायचे. शुगरनं त्यांची नजर गेली. रोज फिरून घरी गेली की आपा त्यांच्या खाटेसमोरच्या स्टुलावर बसायची आणि बागेत काय दिसलं ते सांगायची. रंग मोघम सांगितलेला त्यांना खपायचा नाही. "लाल म्हंजी कसला लाल?" असं ते अडवायचे, आणि मग ती डोळे मिटून नीट आठवून सांगायची. मी कितीदा तरी चहाच्या निमित्तानं ते ऐकत बसलेय.

समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. माझंही आयुष्य करमाड ते संभाजीनगर एवढ्यातच गेलेलं. आपाच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. म्हणूनच कार्तिकात आम्ही गटाची सहल कोकणात काढली. निघताना भाई म्हणाले, "मेरे वास्ते भी देख के आ."

पहाटे किनाऱ्यावर पोचलो तर समोर नुसतं धुकं. लाट फुटल्याचा आवाज यायचा, पाय भिजायचे, आणि पावलांपुढं सगळं पांढरंफटक. एकमेकींचे हात धरून आम्ही वाळूतून चाललो. "हटंल आता, जरा थांबा," आपा म्हणत होती. धुकं हटलं नाही. त्या ओल्या गारठ्यात तिला धाप लागली, ओठ काळवंडले. गावातल्या डॉक्टरांनी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गाडीत चढवताना तिनं माझा दंड घट्ट धरला. "सुनंदा, थोडं थांबा ना गं... इनकू क्या बोलूँ मैं?"

आम्ही तिला नेलं. दुसरं काय करणार होतो? घाटाला लागलो आणि लख्ख ऊन पडलं. त्या उन्हाचा मला असा संताप आला... अजून येतो. आपा मान वळवून मागं बघत होती. मागं फक्त डोंगर होता.

दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मी सोबत होते. स्टुलावर बसली, दम घेतला आणि सांगू लागली. पाणी फिरोजी, लांबवर सुरमई, आणि ऊन पडलं की हिमरूच्या जरीसारखं झळाळणारं. भाई श्वास रोखून ऐकत होते. मी भिंतीकडं बघत राहिले. पुढं ते रोज थोडा समुद्र मागायचे आणि ती रोज थोडा द्यायची, दम होता तोवर.

हे कुणी भाईंना वाचून दाखवू नका, हात जोडते. पण कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवेना.

आता फिरून झालं की मी त्यांच्याकडे जाते. स्टुलावर बसवत नाही, उंबऱ्यात बसते. बागेतलं सांगते, रंग चुकते, ते अडवत नाहीत. परवा मात्र त्यांनी चेहरा त्या रिकाम्या स्टुलाकडं वळवला आणि म्हणाले, "ताई, तुमी बी व्हत्या ना तिथं. शहनाजनं लांबचं पाणी सांगितलं, कडंचं ऱ्हायलं. कडंला कसला रंग व्हता?"

तो समुद्र फक्त तिनंच पाहिलेला, आणि ती तो घेऊन गेली.

"पांढरा," मी म्हणाले. तेवढंच खरं होतं.

ते थोडे पुढं झुकले. "पांढरा म्हंजी कसला पांढरा?"

आपा गं... इनकू क्या बोलूँ मैं?