रसवाल्या मावशींची उलटतपासणी

बागेच्या फाटकाशी सकाळी सहाला मावशींची कोरफडीच्या रसाची गाडी लागायची. इस्पितळात वीस वर्षं आया म्हणून वॉर्ड सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत वेळी-अवेळी खाऊन पोटाचं पार वाटोळं झालेलं. कुणी सुचवलं म्हणून कोरफडीचा रस घेऊ लागल्या आणि पोट ताळ्यावर आलं. मग शेजारणी मागायला लागल्या, आणि बघता बघता गाडी उभी राहिली.

कामात काटेकोर. पान कापलं की उभं करून पिवळा चीक पुरता निथळू द्यायच्या. "हा पोटात गेला तर दिवसभर संडासाची वाट तुडवाल," असं नव्या गिऱ्हाइकाला हसत सांगायच्या. मग साल काढून गर तीनदा धुवायचा, लिंबू पिळून घुसळायचा.

जावयानं हौसेनं फलक रंगवून दिला: 'मधुमेह, सांधेदुखी, केसगळती, सगळ्यांवर एकच उतारा!' मावशी वाचून जरा घुटमळल्या. पण जावयाचं मन कशाला मोडा, म्हणून लावला.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर रोज यायचे. ग्लास संपवून तोंड वेडंवाकडं करायचे. "मावशी, चव अगदी ओल्या भिंतीची आहे. उद्या येतोच."

एका सकाळी मास्तरांनी रस घेतला आणि वर सोबतची पाण्याची बाटली घटाघट रिकामी केली. मावशींची नजर त्यांच्या पट्ट्यावर गेली. खिळ्यानं पाडलेल्या नव्या भोकात तो अडकवला होता, तरी पँट सैलच. असे वाळत चाललेले, सारखं पाणी पाणी करणारे पेशंट त्यांनी वॉर्डात खूप पाहिले होते.

"मास्तर, शुगरच्या गोळ्या घेता ना?"

"छे! दोन महिने झाले, बंद. तुमचा रस असताना गोळ्या कशाला? फलकावरच लिहिलंय की."

गिऱ्हाइकं ताटकळत असतानाच मावशींनी गाडीवर कापड टाकलं आणि कुरकुरणाऱ्या मास्तरांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर निघाली.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

मास्तर नुसतेच बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मावशींचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं.

"मी," मावशी म्हणाल्या. "तोंडानं नाही, पण माझ्या गाडीवर तसं लिहिलंय."

बाई जरा निवळल्या. "थोडा रस कुणाकुणाच्या पोटाला मानवतो. पण तो औषधाची जागा घेत नाही. आणि गोळ्यांसोबत घ्यायचा तर आम्हाला विचारून, नाहीतर साखर एकदम खाली जायची."

मास्तर चार दिवस इस्पितळात राहून सुखरूप घरी आले. फलक मात्र दवाखान्यात गेलो त्या दिवशीच दुपारी उतरला. जावई फुगून बसला.

"अहो, लोक तो वाचूनच येतात!"

"म्हणूनच काढला."

त्यानंतर मावशी ग्लास भरण्याआधी विचारू लागल्या: कुठली औषधं चालू आहेत, डॉक्टरांना माहीत आहे का. गिऱ्हाइकं वैतागली. "रस विकता की उलटतपासणी घेता?" म्हणत निम्मी पांगली.

मीही त्यांचं रोजचं गिऱ्हाईक; एकदा विचारलं, मास्तरांपायी धंदा निम्म्यावर आला, त्यांचा राग नाही आला?

"त्यांचा कसला राग? वीस वर्षं मी आजाऱ्यांच्या उशाशी काढली. फलक लावताना मन घुटमळलं होतं. का, हे तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं."

परवा एक पोटुशी बाई फिरता फिरता गाडीशी थांबली. मावशींनी रस दिलाच नाही. "आधी डॉक्टरांना विचारून या."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सांगायला आली. "डॉक्टरपण नकोच म्हणाले."

"मग बसा घटकाभर," म्हणत मावशींनी स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "चालून दमला असाल."

ती बसली. कितवा महिना, इथून दोघींचं बोलणं सुरू झालं.