दाखवामावशी

चर्चमध्ये उपदेश ऐन रंगात आला की मागून आवाज यायचा, "साहेब, हे शास्त्रात कुठं लिवलंय? जरा दाखवा." पाहुण्या पाळकांना घाम फुटायचा. पुष्कळदा ते लिहिलेलं निघायचंच. मग मावशी "बराबर हाय, चालू द्या" म्हणत निवांत खाली बसायच्या. लग्न होऊन मी सेनगावात आले, तेव्हा मंडळीत त्यांचं नाव दाखवामावशीच पडलेलं होतं. आता उपदेश शांतपणे पार पडतात आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पोरांना त्या सांगायच्या, "देवाच्या नावानं कुनी बोललं, म्हंजे देवच बोलला असं न्हाई, लेकरा."

त्या सुमारास कनेरगाव नाक्याला एका नव्या प्रचारकाच्या सभा सुरू झाल्या. मोठा मांडव, कर्णे, भरपूर गाणी. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, अशी त्याची शिकवण. माझ्या नवऱ्याला फिट यायच्या. ते ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या. काही दिवसांतच विहिरीच्या काठावर फिट आली. शेजाऱ्याने धरलं म्हणून वाचले. तरी ह्यांचं एकच, "माझाच विश्वास कमी पडला." मी रडत मावशींकडे गेले.

पुढच्या सभेला मावशी आमच्याबरोबर आल्या आणि सवयीप्रमाणे भर मांडवात उभ्या राहिल्या. "दवा घेनं पाप हाय, हे कुठं हाय? दाखवा."

प्रचारकाला कोणीतरी त्यांची माहिती पुरवली असावी. तो हसून म्हणाला, "बाई, तुमची मुलगी काविळीनं गेली ना? तुमचा विश्वास असता तर आज ती जिवंत असती."

त्या माणसाचा मला असा संताप आला की काय सांगू! मावशी मात्र खाली बसल्या नाहीत.

"लेकीसाठी म्या गुडघे टेकले, दवापानी बी केलं," त्या म्हणाल्या. "ती गेली. जाताना प्रभूचंच नाव घेत व्हती. तिला माघारी न्हाई दिलं, तरी बी तो माझा देव हाय. बरं केलं तरच देव, असा तुमचा देव मला नको."

परतताना जीपमध्ये मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. हे समोर मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्या गोळ्या कुठं हायत?"

पुढे काही वर्षांनी मावशी आजारी पडल्या. औषध चालू होतं, आम्ही रोज प्रार्थनाही करत होतो. त्या बऱ्या झाल्या नाहीत. दफनाच्या वेळी ह्यांनी मावशींबद्दल देवाचे आभार मानले, आणि मी आमेन म्हणाले.